कलम सात

गोकुळपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
दोन खुर्च्या, घरघरता कूलर, टिश्यूचा डबा.
डबा मी समोर ठेवत नाही, जरा बाजूला ठेवते;
समोर दिसला की माणसांना वाटतं, रडणं भाग आहे.

करारात अकरा कलमं. सातवं मी मोठ्यानं वाचते:
हे उपचार नाहीत. मी डॉक्टर नाही. मी गुरूही नाही.
शेवटचं वाक्य वकिलाचं नाही, माझं.
विम्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘धोक्याचे स्वरूप’.
मी लिहिलं, ‘संभाषण’.
एजंट हसला. हप्ता तेवढाच लावला.

लीलाधर बावणे आले ते बढतीच्या प्रश्नावर.
उमरेडच्या खाणीत सर्व्हेअर, वय सत्तेचाळीस,
शर्टाच्या खिशात अजूनही पेन्सिल.
चौथ्या भेटीत म्हणाले,
“मॅडम, देव गेला.
भांडण नाही झालं, काही नाही.
सकाळी दिवा लावाले बसलो, तं समोर कोणीच नाही.”

मी वहीत लिहिलं: दिवा.
पुढं काय लिहायचं ते सुचेना.

पाचव्या भेटीत ते माझ्याकडे
जरा वेगळंच बघत होते.
मी पाण्याचा ग्लास सरकवला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला,
तीर्थ घ्यावं तसा.
रिकाम्या देवघराला भाडेकरू लवकर मिळतो.
आणि खरं सांगायचं तर, मला ते आवडलं.
एक क्षण. कदाचित दोन.
हे कोणत्याच कलमात नाही.

“आता खालून आवाज येते,” ते म्हणाले.
“माती काढली का त्याच्याखालून. नाव घेते माझं.”
काय सांगतो आवाज?
“उतर म्हणते.”

बाहेर मे महिना, छेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रंही नाही.
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा फिरत होता.
मी विचारलं, झोप?
“तीन तास.”
जेवण?
“आठवत नाही.”
उतरायचं म्हणजे नेमकं कुठं, कधी,
ते विचारताना माझा आवाज
बँकेतल्या बाईसारखा कोरडा झाला.
तसा तो व्हावा म्हणून मी दोन वर्षं शिकले होते.

“म्हणजे तुम्हीबी मले येडंच समजता.”

त्या आवाजाचं मला काही कळत नाही, मी म्हटलं.
तो कुणाचा आहे हे ठरवणारी मी कोण.
पण तीन तासांची झोप मला कळते.
आज तुम्ही एकटे घरी जायचं नाही.

नववं कलम: जिवाला धोका असल्यास गोपनीयता लागू नाही.
ते वाचून दाखवलं नाही. फोन लावला.
त्यांच्या बायकोचा भाऊ महालातून निघाला.
क्लायंटला स्वतःच्या गाडीत न्यायचं नाही, असा नियम आहे.
पाळला.
खाली झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर आम्ही दोघं बसलो,
पन्नास मिनिटं, ज्यांचं बिल मी लावलं नाही,
आणि कुणाचे तरी सातबारा
मशीनमधून कोमट होऊन बाहेर येताना बघत राहिलो.

मग धंतोली, डॉक्टर, गोळ्या.
माझ्या वरिष्ठ बाईंनी नोंदी तपासल्या, म्हणाल्या, बरोबर केलंस.
मग म्हणाल्या, कुणाला वाचवलंस, त्याला की स्वतःला?
मी म्हटलं, दोघं एकाच स्टुलावर होतो.
त्यांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण नाही.

सप्टेंबरात मेसेज आला, रात्री दोन वाजता.
“झोप सहा तास. आता जागलो तं लिहितो.
आवाज बंद. देवही नाही.
डॉक्टर म्हणते, छान.
आता हे रिकामं घेऊन कोणाकडं जाऊ?”

रात्री उत्तर द्यायचं नाही, कलम पाच.
दिलं नाही. झोपलेही नाही.
सकाळी दहाला लिहिलं: गुरुवारी पाच वाजता.
डॉक्टरांचं संमतिपत्र सोबत आणा.

आले. बारीक झालेले, पेन्सिल खिशात.
या वेळी सातवं कलम त्यांनीच मोठ्यानं वाचलं.
“मी गुरूही नाही,” इथं थांबले.
“मंग?”

मी कूलरमध्ये पाणी ओतून आले.
खुर्ची जरा तिरपी केली,
दोघांना खिडकी दिसेल अशी.